खोडकर चालींच्या शिंदेबाई

मला शिंदेबाईंचा हेवा वाटायचा. शोकसभेत मी हे बोलले नाही. तिथं ‘हसतमुख’, ‘मनमिळाऊ’ असे शब्द वापरले आणि खाली बसले. गेल्या वर्षी फर्दापूरला, शेतातल्या घरी त्या वारल्या. शाळेच्या सभागृहात त्यांचा हार घातलेला फोटो ठेवला होता, आणि फोटोतसुद्धा त्या अशा बघत होत्या की आता समोर बसलेल्या माणसाच्या हातात काहीतरी वाजवायला देतील.

आम्ही दोघी एकाच शाळेत. मी संगीत शिकवायची, त्या हिंदी. वर्गात त्यांची हिंदी रेडिओवरच्या बातम्यांसारखी शुद्ध. शाळेच्या फाटकाबाहेर पडल्या की तीच बाई रिक्षावाल्याला म्हणायची, “क्या भय्या, पुंडलिकनगर आते क्या? इत्ता नक्को बोलो, रोज का आनाजाना है हमारा.” आणि आमच्याशी बोलायला फर्दापूरची मराठी. त्यांचे मालक तिकडं शेती बघायचे, शनिवारी भाजीची पोती घेऊन यायचे. बाई इकडं नोकरीसाठी राहिलेल्या, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.

उंच, रुंद खांद्यांच्या. पदर कायम कमरेला खोचलेला, जणू आत्ताच कुठून तरी मांडव घालून आल्यात. बैठकीत कंटाळल्या की टेबलाखाली त्यांचा अंगठा चपलेवर टकटक करायला लागायचा, आणि जरा वेळानं शेजारच्या गणिताच्या सरांची पेन्सिलही त्याच ठेक्यात हलायची. सरांना पत्ता नसायचा. मला असायचा. मी तेव्हापासूनच त्यांच्यावर नजर ठेवून होते म्हणायला हरकत नाही.

खरी सुरुवात झाली ती आमच्या मुख्याध्यापिकांच्या मुलाच्या लग्नात, बीड बायपासच्या एका लॉनवर. शिक्षकांकडून एक मंगलगीत बसवून घ्यायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी ते जीव ओतून बसवलं. मधल्या सुट्टीत तालीम, शाळा सुटल्यावर तालीम. लग्नात आम्ही गायलो, सूर कुठंही हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा पनीरच्या रांगेकडं वळले.

मी पेटीचा भाता बंद करत होते, तेवढ्यात शिंदेबाई आल्या. खांद्याला रेक्झिनची फुगलेली बॅग.

“पेटी जरा सरकवा की, जोशीबाई.”

मी सरकवली. त्यांनी पेटीच्या झाकणावर स्टीलचे ग्लास मांडले. माझ्या पेटीवर! मग बॅगेतून खुळखुळे, टिकटिकी, पत्र्याचे डबे, चमचे, पिपाण्या असं काय काय काढलं आणि रांगेतल्या लोकांच्या हातात देत सुटल्या. “तुम्ही, काका. व्हय, तुम्हीच. ताट ठेवा खाली, पनीर कुठं पळायलंय?” चाल अगदी साधी होती, लहान मुलं बोटं मोजत म्हणतात तशी. मधेच ती अडायची, मग एकदम धावायची, आणि धावताना निम्मे पाहुणे मागं राहायचे. मागं राहिलेले हसायचे, पुढं गेलेले परत यायचे. नवरदेवाची आत्या हातातला डबा वाजवता वाजवता खुर्चीवरून उठली. पनीरच्या रांगेत कोणी उरलं नाही.

मी माझ्या पेटीजवळ उभी होते. झाकणावर ग्लासातलं पाणी सांडत होतं. कोणी पुसलं नाही, मीच पुसलं.

त्यानंतर लग्नसराई आली की शिंदेबाईंना बोलावणी सुरू झाली. आधी शाळेतल्या लोकांची, मग त्यांच्या व्याह्यांची, मग कोणाकोणाची. आणि बोलावणाऱ्यांना पेटीही हवी असायची, म्हणून मलाही. “जोशीबाई, तुमच्याबिगर चालीला पाया नाय,” असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या. पाया कोणी बघत नाही, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांची चाली निवडायची पद्धत मी इतक्यांदा पाहिली की डोळे मिटूनही सांगू शकते. लग्नघरी जायचं, चहा बशीत ओतायचा, आणि पहिला प्रश्न विचारायचा, “रुसलेलं कोण हाय?” घरचे एकमेकांकडं बघायचे. मग हळूच कोणीतरी सांगायचं की धाकटे काका, मानपानावरून. किंवा नवरीची मोठी जाऊ, साडीवरून. शिंदेबाई मान डोलवायच्या. मग चाल म्हणून बघायच्या. पण त्यांना गाता यायचं नाही. नुसत्या ‘टणाटणा टण’ करत मांडीवर वाजवायच्या आणि घरातल्या सगळ्यांचे पाय बघत राहायच्या. पाय हलले नाहीत तर ती चाल गेली.

“चालीत खोडी पाहिजे,” म्हणायच्या. “पाहुण्याला चुकायला जागा पाहिजे. चुकला की तो हसतो, हसला की आपला झाला.”

मी जन्मभर मुलींना चुकू नका असं शिकवलेली बाई. मला हे ऐकून अंगावर काटा यायचा. पण शाळेत मी तेच करून पाहिलं. सातवीच्या वर्गात चमचे वाटले, एक अवखळ चाल घेतली. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की मी चमच्यांनाही सम शिकवायला लागले आहे. मुली गंभीर चेहऱ्यानं चमचे वाजवत होत्या. मी चमचे गोळा करून डब्यात ठेवून दिले.

दौलताबादचं लग्न तर मी विसरूच शकत नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी शेतातच मांडव होता. नवरीचे मामा रुसले होते. पत्रिकेत त्यांचं नाव फार खाली छापलं होतं म्हणून ते आले, पण मांडवात शिरेनात. बाहेर लिंबाखाली आपल्या जीपमध्ये बसून राहिले. दोनतीन जण विनवून परत आले होते.

शिंदेबाई बॅग उपसून एक रबरी भोंपू घेऊन निघाल्या. जुन्या सायकलींना असायचा तसला. मी पेटी सोडून त्यांच्यामागं गेले, कारण मला त्यांची फजिती बघायची होती.

“मामा,” त्या जीपच्या खिडकीत वाकून म्हणाल्या, “एक काम होतं. आमची चाल मधी थांबती. तिथं भोंपू पाहिजे. तुम्ही वाजवल्याबिगर कोणी म्होरं जाणार नाय.”

“मी नाय येत आत.”

“आत कशाला? हितूनच वाजवा. जीपमधून.”

मामांनी भोंपू घेतला नाही. बाईंनी तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि वळल्या.

चाल सुरू झाली. सगळा मांडव वाजवत होता, मी पेटीवर. मग ती थांबायची जागा आली आणि सगळे थांबले. मांडव गप्प. सगळ्यांनी बाहेर लिंबाकडं बघितलं. माझी बोटं पट्ट्यांवर तशीच अधांतरी. ताल केव्हाच संपला होता. मला वाटलं, आता ही बाई फसली. मनातून मला ते हवंही होतं.

भोंऽऽ.

मांडवात असा काही हशा उठला की बाहेर बांधलेले बैल दचकले. दुसऱ्या फेरीत मामा जीपमधून उतरून लिंबाला टेकून उभे होते. त्यांनी भोंपू वाजवायला आणखी उशीर लावला, मुद्दाम, सगळ्यांकडं बघत. तिसऱ्या फेरीला ते मांडवात होते आणि नवरी त्यांचा हात धरून म्हणत होती, “मामा, वाजवा ना आता!” मामांनी भोंपू वाजवला आणि त्याच हातानं डोळे पुसले.

परतीच्या वाटेवर शिंदेबाई गाडीत पेरू खात होत्या. मला म्हणाल्या, “तुम्ही पेटी कशी धरून ठेवली हो! मला वाटलं तुम्ही म्होरं जाता.” एवढं कौतुक झाल्यावरही त्यांनी दिलेली फोड मला गोड लागेना. कारण पेटी धरून ठेवणं मला येत होतं. जीपपर्यंत जाणं येत नव्हतं.

आणि मग आमच्या ऋचाचं लग्न ठरलं.

मुलगा नाशिकचा, नोकरी दोघांची पुण्याला. बोलणी, हॉल, साड्या, सगळं सुरळीत चाललं होतं. एका सकाळी चहा पिताना ऋचा म्हणाली, “आई, हळदीच्या दिवशी पाहुण्यांचं ते वाजवायचं वगैरे असतं ना, ते शिंदे मावशींना सांगूया?”

“आपल्या घरात संगीत शिकवणारं माणूस आहे,” मी म्हणाले.

“म्हणूनच,” ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र जरा वर उचललं. मी कप विसळायला आत गेले आणि बराच वेळ विसळत राहिले.

शिंदेबाई आल्या. माझ्या घरी, माझ्या सतरंजीवर बसून त्यांनी बशीत चहा ओतला. मी त्यांना काही विचारू दिलं नाही, आधीच पेटी उघडली. ऋचा लहान असताना मी एक चाल बांधली होती. तिच्या लग्नात सगळ्यांनी म्हणावी म्हणून जपून ठेवलेली. ती मी वाजवली. शिंदेबाईंनी डोळे मिटून पूर्ण ऐकली. त्यांच्या चपला दाराबाहेर होत्या, पण अंगठा मला दिसत होता. तो हलला नाही.

“लई गोड हाय,” त्या म्हणाल्या. “डोळ्याला पाणी आलं बघा. पण ही नाय चालायची.”

“का?”

“हिच्यात पाहुण्यानं कुठं चुकायचं, जोशीबाई?”

मी भाता लावला. त्या ऋचाकडं वळल्या. “तुझी ती टोपी कुठं गेली गं?”

ऋचा हसायला लागली. मला कळेना कसली टोपी. आणि मग माझी मुलगी, जिनं शाळेत असतानाच माझ्यापुढं गाणं सोडलं होतं, ती मांडीवर हात मारत मोठ्यानं गाऊ लागली.

“माझी टोपी टिंगू टिंगू, भिंतीवर चढली टिंगू टिंगू, वाऱ्यानं विचारलं कुठं चालली... धप्प!”

‘धप्प’ला दोघींनी एकदम सतरंजीवर हात आपटला. ऋचा हसत हसत शिंदेबाईंच्या खांद्यावर कलंडली.

“हे कधीचं?” मी विचारलं.

“अगं, तू संध्याकाळचे क्लास घ्यायचीस तेव्हा मी मावशींकडं थांबायचे ना. त्या भाकरी करायच्या, मी गाणी रचायचे. अशी कितीतरी होती.”

कितीतरी होती. मी तेव्हा दुसऱ्यांच्या मुलींचा सा घोटून घेत होते, आणि माझी मुलगी दोन गल्ल्यांपलीकडं पिठाच्या परातीवर ताल धरून गाणी रचत होती. त्यातलं एकही माझ्यापर्यंत आलं नव्हतं. ते का आलं नाही, हे मला त्या खोलीत कोणीही सांगायची गरज नव्हती. ती गायली असती तर मी म्हणाले असते, ‘वाऱ्यानं’चा गंधार चढलाय. आत्ताही चढलेला होता. आत्ताही मला तो ऐकू आला होता.

शिंदेबाईंनी बशी खाली ठेवली. “बरं. रुसलेलं कोण हाय?”

ऋचा सतरंजीचे दोरे बघायला लागली. ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“बरं,” शिंदेबाई म्हणाल्या. “कळालं.”

हळदीपर्यंत मी एकच तयारी केली. त्या माझ्या हातात काहीतरी आणून देतील, आणि मी ते परत करीन. भोंपू असेल, झांजा असतील, त्यातल्या त्यात मानाचं काहीतरी असेल. ‘मला नको, दुसऱ्या कोणाला द्या,’ असं हसून म्हणायचं मी ठरवलं होतं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

हळदीची दुपार. अंगणात मांडव, नाशिकची माणसं आलेली, नवी नवी, सांभाळून बसलेली. शिंदेबाई बॅग घेऊन फिरायला लागल्या. माझ्या विहीणबाईंना चमचे दिले. आमच्या ह्यांना पत्र्याचा डबा दिला. गुरुजींना टिकटिकी दिली, आणि गुरुजींनी ती उपरण्यात लपवून हळूच वाजवून बघितली. नाशिकच्या आजींना दोन खुळखुळे. बाई माझ्यासमोरून गेल्या. पुन्हा उलट्या फिरून गेल्या. बॅग रिकामी झाली, त्यांनी ती घडी करून काखेत मारली.

मला त्यांनी काहीच दिलं नाही.

नवरीची आई मी. सगळ्या मांडवात रिकाम्या हातांची मी एकटी. हात कुठं ठेवावेत ते कळेना, मग मांडीवर ठेवले. पेटीसुद्धा त्यांनी माझ्याच एका विद्यार्थिनीला दिली होती.

टोपी भिंतीवर चढली. ‘धप्प’ आलं. अर्धा मांडव आधीच धप्प झाला, अर्धा नंतर. ह्यांचा डबा हातातून निसटून विहीणबाईंच्या पायाशी घरंगळला, आणि इतका वेळ सांभाळून बसलेल्या विहीणबाई पोट धरून हसायला लागल्या. मला काही करायचं नव्हतं, म्हणून मी ऋचाकडं बघत होते. हळदीनं माखलेली, हातात ताट. ती चुकली. माझ्यापुढं पेटीवर बसायची तेव्हा चुकली की तिचे खांदे आकसायचे, मान खाली जायची. आता चुकली तशी तिनं चटकन माझ्याकडं बघितलं. फक्त माझ्याकडं. मी बघतच होते. तिनं जीभ बाहेर काढली आणि पुन्हा चुकली, बहुतेक मुद्दाम.

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या नळापाशी शिंदेबाई मला सापडल्या.

“मला काही दिलं नाहीत,” मी म्हणाले.

“नाय दिलं.”

“रुसलेल्या माणसाला तुम्ही आधी देता म्हणे.”

“व्हय. देते.” त्यांनी पदराला हात पुसले. “पण तुमच्या हातात कायबी दिलं असतं तर तुम्ही ते नीट वाजवलं असतं. मंग पोरीकडं कोणी बघायचं?”

इथं खरं तर मी त्यांना मिठी मारली असं लिहायला हवं. मी मारली नाही. मला जास्तच राग आला. माझ्या मुलीची गाणी त्यांना ठाऊक, आणि मला काय हवं तेही त्यांनाच ठाऊक? माझ्या घरातलं माझ्यासाठी काही शिल्लक ठेवायचं की नाही या बाईनं? मी नळ बंद केला आणि आहेराच्या साड्या मोजायला आत गेले.

निवृत्त झाल्यावर शिंदेबाई एका संध्याकाळी माझ्या क्लासला आल्या. मला वाटलं पेटीसाठी आल्या असतील. तर म्हणाल्या, “मला एक सा लावायला शिकवा.”

“तुम्हाला?”

“एवढ्या लोकांना वाजवायला लावलं. मला कोणी गा म्हणालं नाय कधी.”

मी त्यांना मुलींच्या रांगेत बसवलं. सा दिला. त्यांनी लावला तो कुठल्याच पट्टीत नव्हता. पुन्हा दिला, पुन्हा तोच प्रकार. त्या नेमानं येत राहिल्या, कपाळावर आठ्या घालून, डोळे घट्ट मिटून, पण सा काही लागला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं, खूप बरं. रात्री शांत झोप लागायची. पण तेही सुख टिकलं नाही. बाई चुकल्या की स्वतःच खो खो हसायच्या, मग मुली हसायच्या, आणि हसून झाल्यावर त्या मुलींचा सा असा मोकळा लागायचा की मी एवढ्या वर्षांत तसा कधी ऐकला नव्हता.

एक दिवस त्यांनी यायचं थांबवलं. रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “जाऊ द्या, नाय व्हायचं. तुम्ही पेटीवर बोट ठेवता ना, तवा तुमचं तोंड कसं होतं, तुम्ही बघितलं नसंल. दुसरं कोणी तिथं नसल्यागत. मला तसं एकदा करून बघायचं होतं.”



मग त्यांनी पुंडलिकनगरचं घर बंद केलं आणि फर्दापूरला गेल्या. बोलावणी हळूहळू थांबली. आता लग्नं करून देणाऱ्या कंपन्या आल्या आहेत, त्यांची माणसं सगळंच करतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या नातीच्या लग्नात. त्या फर्दापूरहून आल्या होत्या. बारीक झालेल्या, पदर कमरेला खोचलेला नव्हता, नीट खांद्यावर होता. मागच्या रांगेत एकट्या बसलेल्या. मी शेजारी जाऊन बसले. स्टेजवर त्या कंपनीची एक मुलगी होती, कानाला लावलेल्या माईकवर बोलणारी, चटपटीत. तिनं पाहुण्यांना रंगीत नळ्या वाटल्या होत्या. त्या हातावर आपटल्या की वेगवेगळे सूर निघायचे. तिनं कोपऱ्यातल्या एका घुम्या आजोबांना उठवलं, त्यांच्या हातात लाल नळी दिली, आणि म्हणाली, “आजोबा, तुमच्याशिवाय सुरू नाही होणार हं.”

शिंदेबाई समोर बघत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. हनुवटी जरा वर. हात मांडीवर, कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला तो चांगलाच ओळखीचा वाटला.

“पोरगी बरी हाय,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हणाले. “जरा घाई करते.”

“व्हय ना? मला बी तसंच वाटलं.”

आम्ही खुर्च्या जवळ ओढल्या आणि ती मुलगी कुठं अडखळते ते बघत बसलो. आजोबा नळी धरून उभे होते, सगळा हॉल थांबला होता. शिंदेबाईंनी माझं मनगट धरलं. आजोबांनी नळी आपटली, आणि हॉलमध्ये हशा उसळला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शिंदेबाईंनी माझं मनगट सोडलं आणि मग त्यांनीही वाजवल्या, जरा उशिरा.